फ्रेंच लिहायला शिकताना मराठीचा आधार घ्या

फ्रेंच शिकताना आपल्यातले बरेच जण आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग त्याचं फ्रेंच करतात. हा वळसा टाळा. व्याकरणाच्या बऱ्याच बाबतींत फ्रेंचला मराठीच जास्त जवळची आहे.

पहिली पायरी नामांची. शब्द नेहमी उपपदासकट पाठ करा: 'यून ताब्ल', 'अँ लिव्र'. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. त्यामुळे टेबल स्त्रीलिंगी होतं, पुस्तक पुल्लिंगी, आणि चंद्रही स्त्रीलिंगी! वहीत दोन लिंगांसाठी दोन रंगांची शाई वापरा, फार उपयोग होतो.

मग विशेषणं. 'मोठा-मोठी'सारखीच तीही नामाप्रमाणे बदलतात: लहान मुलगा 'पती गार्सों', लहान मुलगी 'पतीत फीय'. रंग मात्र नामानंतर येतो: लाल गाडी म्हणजे 'व्वात्यूर रूज'.

भूतकाळाला भरपूर वेळ द्या. 'तो गेला, ती गेली' हा भेद फ्रेंचमध्येही आहे. तो बहुतेकदा कानाला कळत नाही, पण लिहिताना स्त्रीलिंगी रूपाला शेवटी एक 'ई' जास्त लागतो. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशी मोजकी क्रियापदं 'एत्र' हे साहाय्यक क्रियापद घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. बहुतेक बाकीची 'आव्वार' घेतात. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं ना? 'आव्वार'सोबतही तसंच होतं, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. सफरचंद, म्हणजे 'पॉम', स्त्रीलिंगी. 'मी सफरचंद खाल्लं' असं लिहिताना जादा 'ई' नाही, कारण फ्रेंच वाक्यात कर्म क्रियापदानंतर येतं. 'मी खाल्लेलं सफरचंद' असं लिहिताना आहे, कारण तिथे फ्रेंचमध्ये सफरचंद आधी येतं. फ्रान्समधली शाळकरी मुलंही इथे अडखळतात, तेव्हा धीर सोडू नका.

अक्षरांवरच्या खुणा शोभेसाठी नसतात. 'किंवा' आणि 'कुठे' या दोन्ही अर्थांचा उच्चार 'ऊ'च. लेखनात फरक फक्त एका खुणेचा. मोठ्या लिपीतल्या अक्षरांवरही त्या द्याव्यात, असं आकादेमी फ्राँसेझ ही फ्रेंच भाषेची अधिकृत संस्था सांगते.

वार, महिने आणि भाषांची नावं लहान अक्षराने सुरू करा. साडेतीन '3,5' असं लिहा. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी फ्रान्समध्ये जागा सोडतात; कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ती फक्त अपूर्णविरामाआधी.

पत्रात अनोळखी माणसाला 'त्यू' नको, 'वू' लिहा, आणि आपल्या 'तुम्ही'प्रमाणे एकाच व्यक्तीसाठीही क्रियापद अनेकवचनी ठेवा.