मिरकरवाड्याच्या घारी कशा काढाव्यात

शिकारी पक्षी काढा म्हटलं की पोरं थेट गरुड काढतात. कपाळाला आठ्या, डोळे पिवळेजर्द, चोच अर्धी उघडी. शाळेत चित्रकला शिकवताना असले रागीट गरुड मी शेकड्यांनी तपासले, आणि त्यातला एकही कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. म्हणून माझं म्हणणं, सुरुवात घारीपासून करा. ती रोज दिसते आणि माणसाला फारशी बुजत नाही.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर जातो. ट्रॉलर लागले, टोपल्या उतरू लागल्या की साधी घार आणि ब्राह्मणी घार, दोघी वर घिरट्या घालायला हजर. खिशात मावेल अशी वही आणि ४बी, म्हणजे मऊ, गडद पेन्सिल बस. खोडरबर घरीच ठेवा, नाहीतर एक पंख पुसेपर्यंत घार पार भगवती किल्ल्याकडे गेलेली असते.

पानावर एकच घार काढायला बसू नका. घिरट्या घालणारा पक्षी थोड्या वेळाने पुन्हा त्याच कोनात येतो. पानावर पाच-सहा आकृत्या अर्धवट सुरू करा: एक समोरून, एक पोटाखालून, एक वळताना. घार ज्या कोनात येईल त्या आकृतीत दोन रेषा वाढवायच्या. आधी धडाची रेघ, मग पंखांची. पंख म्हणजे फळी नव्हे. मनगटाशी तो मोडतो, आणि पंखाचा सगळा डौल त्या मोडीत आहे. पिसं सगळ्यात शेवटी. साध्या घारीच्या पंखाच्या टोकाला बोटांसारखी पिसं सुटी दिसतात, तेवढी मोजून काढा. बाकीची मोजत बसलात तर पंखाचा खराटा होतो.

पाण्यावरून मासा उचललेली घार दिसली तर बाकी सगळं सोडून तीच काढा. ती चोचीने नाही, पायाने उचलते. मग उडता उडताच पाय पुढे घेते, मान खाली वाकवते आणि लचका तोडते. तेव्हा पाठीला जो बाक येतो तो झाडावर बसलेल्या पक्ष्यात कधी मिळायचा नाही.

आता शेपटाचं. एकदा मी ब्राह्मणी घारीचं चित्र घरी मन लावून पूर्ण केलं आणि मोठ्या हौसेने धक्क्यावर घेऊन गेलो. सुरमई कापणाऱ्या मावशींनी कोयता न थांबवता विचारलं, "मास्तर, हिचं शेपूट कोणी फाडलं?" दुभंगलेलं शेपूट साध्या घारीचं. ब्राह्मणी घारीचं टोकाला गोल. ब्राह्मणी घारीचं पिल्लू मोठं होईपर्यंत तपकिरीच असतं, तेव्हाही शेपटावरूनच ओळखायचं. रंगांवर गेलात तर फसाल.

डोळ्यांचंही तसंच. या दोन्ही घारींचे डोळे गडद तपकिरी असतात. पिवळा रंग भरायची फार हौस असेल तर चोचीच्या मुळाशी असलेल्या मऊ कातडीला द्या. लाल डोळा हवा असेल तर कापशी ही लहान घार शोधा, नाहीतर शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचा नर. भुवईचं हाड ससाण्या-गरुडात ठळक दिसतं. घारीत ते जास्त गडद केलंत की ती कॅलेंडरवरची होते.

रंगाला जलरंग बरे, कागद ३०० जीएसएम, म्हणजे जाड. ब्राह्मणी घारीच्या अंगाला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, कागद ओला असतानाच सोडा. डोकं-छाती पांढरी, पण ती कोऱ्या कागदासारखी पांढरी कधीच नसते. सावलीत अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थेंबभर बर्न्ट सिएना घालून करडा करा, आणि वाळल्यावर टोकदार ब्रशने पिसांच्या दांड्यांच्या बारीक काळपट रेषा ओढा. पंखांची काळी टोकं ट्यूबमधल्या काळ्याने करू नका, मेल्यासारखी दिसतात. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन घट्ट कालवा. भर उन्हात पंखाची खालची बाजूही काळीकुट्ट नसते. पाण्यावरून आणि वाळूवरून उजेड वर उसळतो, तिथे उबदार तपकिरी राहू द्या.

घरटं दिसलं तर लांबूनच काढा, झाडाखाली मुक्काम ठोकू नका. पिल्लांची आई टाळक्यावर झडप घालते. माझी टोपी तिने एकदा नेली आहे, आणि तेवढं सोडून द्यायची माझी तयारी होती. जून-जुलैत मासेमारी बंद, धक्काही सुना. तेव्हा मी वहीतल्या अर्धवट घारी काढून बसतो आणि रंगवतो.