हृदयविकाराचा आपला धोका कसा ताडून पाहावा

रिपोर्टमध्ये ‘सगळं बॉर्डरवर आहे’ असं कळलं की आपण सुटलो म्हणतो. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब फसवा आहे. रक्तदाब थोडा जास्त, साखर थोडी जास्त, वर सिगारेट: या धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना चढवतात. म्हणून सगळे आकडे एकाच कागदावर आणायचे.

आधी न बदलणाऱ्या गोष्टी लिहा. वय, आणि वडील-भावांना ५५च्या आत किंवा आई-बहिणींना ६५च्या आत हृदयविकार झाला होता का. आजोबांना ऐंशीव्या वर्षी आलेला झटका इथे धरायचा नाही.

मग रक्तदाब. तो घाईत चुकीचाच मोजला जातो. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हो, बोलल्यानेही आकडा चढतो. दंड छातीच्या पातळीला ठेवून मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि काही दिवस हेच करा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

एवढा आटापिटा का? सततच्या दाबाने धमनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि तिथून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून तिथेच अडकतात. वर्षानुवर्षं थर साचतो. तो एखाद्या दिवशी फुटला की वर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. फुटणारा थर मोठाच असेल असं नाही; निम्मी उघडी धमनीही अशी अचानक बंद होते. छातीत कधी दुखलं नाही, यावर विसंबू नका.

रक्ततपासणीतून एलडीएल आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) उतरवून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. टेपने कंबरेचा घेर मोजा, तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. वजनकाट्यापेक्षा मला हा टेप जास्त खरा वाटतो.

तंबाखूपुढे ‘कमी केली’ असं लिहू नका. हो किंवा नाही, एवढंच. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या भागाइतका नसतो, जवळपास निम्मा असतो. पूर्ण सोडली तर मात्र वर्षभरात हा वाढीव धोका साधारण अर्ध्यावर येतो. इतक्या लवकर इतका फरक दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो, म्हणून सुरुवात इथूनच.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. झोप आणि ताणाचीही एक ओळ लिहा.

कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे ना?’ असं न विचारता ‘पुढच्या दहा वर्षांत माझा एकूण धोका किती?’ असं विचारा. औषध लागेल का, हे त्या उत्तरावरून ठरतं. कागदावर तारीख घालायला विसरू नका. पुढच्या वेळी तोच जुना कागद शेजारी ठेवायचा आहे.