जड टूरिंग मोटरसायकलसाठी नवे टायर कसे निवडावेत

साडेतीनशे-चारशे किलोची गाडी, तिच्यावर दोन माणसे आणि भरलेल्या पेट्या. एवढे सगळे मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या भागावर टेकलेले असते. म्हणून अशा गाडीला टायर घेताना नक्षी किंवा ब्रँड नंतर पाहा, आधी भार पाहा.

जुन्या टायरवरचे आकडे उतरवून घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. आधीच्या मालकाने भलताच टायर चढवलेला असू शकतो. खरे आकडे गाडीच्या चॅसीवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये मिळतात. होंडा गोल्ड विंगच्या २००१ ते २०१७ च्या १८०० सीसी मॉडेलला मागे १८०/६०आर१६ ७४एच लागतो. यात १८० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे रुंदीच्या साठ टक्के उंची, म्हणजे १०८ मिमी. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या थरांची रचना, आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. शेवटच्या ‘७४एच’कडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि जड गाडीत तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

७४ हा भाराचा निर्देशांक आहे. तो ३७५ किलो सांगतो. ७७ म्हणजे ४१२ किलो आणि ८१ म्हणजे ४६२ किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग, व्ही म्हणजे २४०. कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी निर्देशांकाचा टायर कधीही घेऊ नका, मग माप तंतोतंत जुळत असले तरी. अनेक हार्ली टूरिंग गाड्यांना मागे १८०/६५बी१६ ८१एच लागतो. अशा गाडीवर ७४ चा टायर चढवला तर ८७ किलोची क्षमता गेली.

अंदाज नको असेल तर गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरा, दोघे बसा आणि फक्त मागचे चाक वजनकाट्यावर घ्या. आलेला आकडा निर्देशांकाच्या किलोपेक्षा बराच खाली हवा. मात्र जास्त निर्देशांकाचा टायर बसवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रिम तेच राहतात, त्यामुळे स्टिकरवरची एकूण वजनाची मर्यादा पाळावीच लागते.

हा निर्देशांक पुरेशी हवा असेल तरच खरा असतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल (टायरची बाजू) वाकते, आतले थर तापतात आणि शेवटी एकमेकांपासून सुटतात. भर वेगात मागचा टायर फुटण्यामागे बहुधा हेच असते. हवा टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजावी. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे ही नेहमीची चूक आहे.

आता रचना. आर म्हणजे रेडियल, ज्यात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. बी म्हणजे बेल्टेड बायस, ज्यात धागे तिरके असतात आणि त्यांच्यावर पट्टा असतो. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे मिश्रण उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच करा, नाहीतर वळणात पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळे वागतात. रुंदीही वाढवू नका. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, गोलाई बदलते आणि कधीकधी तो स्विंगआर्मला घासतो.

लांबच्या प्रवासात मधला पट्टा झिजून टायर चौकोनी होतो आणि गाडी वळणात झुकताना अडखळते. महामार्गावरच जास्त चालवत असाल तर मध्ये कडक आणि कडांना मऊ रबर असलेला टायर घ्या. टिकतो म्हणून मागे कारचा टायर बसवण्याची चाल काही ठिकाणी आहे. तसे करू नये. कारच्या टायरचे बीड (रिमवर बसणारी कड) मोटरसायकलच्या रिमसाठी बनवलेले नसते, आणि चपट्या माथ्यामुळे गाडी झुकताना विरोध करते.

पैसे देण्याआधी साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. टायर कधी बनला ते त्यांवरून कळते. ३५२४ म्हणजे २०२४ मधला ३५ वा आठवडा. हा पूर्ण कोड कधीकधी एकाच बाजूला असतो, म्हणून टायर उलटवून पाहा.

बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. चाकात दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो कुठे आहे ते टायर उतरवणाऱ्याला आधीच सांगा, कारण बीड सोडवताना तो सहज तुटतो. रबरी व्हॉल्व्ह नवा घाला आणि बॅलन्सिंग करून घ्या. साखळीऐवजी शाफ्टवर (दांड्यावर) चालणारी गाडी असेल तर मागचे चाक निघालेच आहे, तेव्हा स्प्लाइन (शाफ्टची ताकद चाकाला देणारे दाते) पुसून कंपनीने सांगितलेले ग्रीस लावा. हे राहून गेले की दाते झिजतात आणि खर्च टायरच्या कितीतरी पुढे जातो.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जोराने ब्रेक मारू नका, झुकणे हळूहळू वाढवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा पुन्हा मोजा. दाब उतरला असेल तर व्हॉल्व्ह आणि बीडच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा.