जुने काँक्रीट फोडायला देताना: आधी माप, मग दर

परसातला जुना कोबा फोडायला ठेकेदार आला की पावलांनी जागा मोजतो आणि उक्ता आकडा सांगतो. तो आकडा लगेच मान्य करू नका. या कामात वाद फोडण्यावरून क्वचित होतो, होतो तो माल उचलण्यावरून.

लांबी-रुंदी टेपने घ्या. जाडीसाठी ठेकेदारासमोरच दोन-तीन कोपऱ्यांत फूटभर तुकडा काढून बघा, कारण उताराच्या कामात दारापाशी 3 इंच असलेला थर मोरीकडे 6 इंच निघतो. सळई आहे का, खाली दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, आहे का, हेही तिथेच कळते. सोलिंग काढायचे असेल तर त्याचा दर वेगळा लावा. सळईचे भंगार कोणाचे, तेही तेव्हाच ठरवा.

आता हिशोब. 20 बाय 15 फूट जागा, 4 इंच जाडी, म्हणजे 100 घनफूट, एक ब्रास. वजन जवळपास 7 टन. फोडल्यावर तुकड्यांत पोकळी राहते आणि तोच माल दीड ब्रासच्या आसपास भरतो. ट्रॅक्टरच्या किमान दोन खेपा. फोडण्याचा दर ‘जागेवरच्या मापावर’ असे कागदावर लिहा, खेपांचा दर वेगळा. नाहीतर पोकळीचेही पैसे जातात.

सहा इंचांपर्यंतच्या थराला हातातला विजेचा ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचे यंत्र, पुरतो. तो 1500-1700 वॅटचा असतो, घरच्या 16 अँपिअरच्या प्लगवर चालतो. बारीक वायरचे एक्स्टेन्शन लावले तर विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि मोटर जळू शकते. ब्रेकर लावलेला जेसीबी मोकळ्या प्लॉटवर किंवा शेतघरापाशी ठीक. त्याला आठ फुटांची वाट लागते, आणि बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत, जिथे भिंती शेजाऱ्याशी सामाईक, तिथे तो आणूच नका. हादऱ्याने शेजारच्या भिंतीला चीर जाते. भिंतीपासून सहा इंचांवर थर पूर्ण जाडीभर कापून घ्या आणि भिंतीलगतचा पट्टा छिन्नी-हातोड्याने काढा. 4 इंची ग्राइंडर जेमतेम सव्वा इंच उतरतो. 4 इंचांचा थर पूर्ण कापायला 14 इंची चकतीचे यंत्र लागते. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या भिंतीचे तारखेसह फोटो काढा.

पाण्याची पाइप, ड्रेनेजची लाइन, अर्थिंगचा खड्डा यांवर लाल रंगाने खुणा करा. मजूर मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी काहीही बोलणारे असोत, लाल रेघ सगळ्यांना कळते. फोडताना पाणी मारायला लावा आणि मास्क द्या. ही धूळ फुप्फुसात कायमची बसते.

काम दिवाळीनंतर ते मे मध्यापर्यंत उरका. जून ते सप्टेंबरच्या पावसात, खानापूरकडे तर अधिकच, उघडी पडलेली जमीन पाणी पिते आणि पायालगतची माती खचते.

राडारोडा कुठे टाकणार, ते ठिकाण कागदावर घ्या. महापालिका किंवा ग्रामपंचायत सांगेल तिथेच. बळ्ळारी नाल्यात तर एक पाटीही नको. तो तुंबला की शिवारातले भातपीक पाण्याखाली जाते. मुठीएवढे तुकडे करून, सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मस मारून ते भरावाला वापरता येतात. त्याने खेपाही वाचतात.

आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. पाचवा हिस्सा शेवटपर्यंत हातात ठेवा. शेवटची ट्रॉली गेल्यावर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये चार बादल्या पाणी ओता; ते तुंबले तर आत तुकडे पडलेत, ते काढून झाल्यावरच उरलेले पैसे द्या.