टर्बो बसवताना या चुका टाळा: बोल्ट गेला म्हणजे पार्ट जुळला असं नसतं

कोल्हापुरात जी सोय आहे तीच पोरांना नडते. उद्यमनगरात गेलं की गल्लीगल्लीत लेथ आहे, मिलिंग आहे, आर्गन वेल्डिंगवाला आहे, सकाळी ड्रॉइंग दिलं की संध्याकाळी फ्लँज (पाईपच्या तोंडाची बोल्ट लावायची चपटी पट्टी) हातात. त्यामुळं वाटतं की कुठलं पण टर्बो किट (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) मागवा, नाही बसलं तर लेथवाल्या मामाकडनं बसवून घेऊ. आणि मामा बसवून देतात पण, कारण तुम्ही सांगाल ते माप काढून देणं हे त्यांचं काम, त्या भोकातनं पुढं ऑईल जाणार आहे का हवा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी बरीच वर्षं टर्बो बसवतोय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बसवलेले उघडतोय, आणि तेच तेच बघून जीव तुटतो, कारण पोरगं वर्षभर पैसे साठवून किट घेतं आणि एका रात्रीच्या घाईत घालवतं.

सगळ्यात जास्त नुकसान बघितलंय ते ऑईल फीडच्या, म्हणजे टर्बोला ऑईल आणणाऱ्या लाईनच्या फिटिंगमुळं. एवढंसं फिटिंग, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. एक सूत म्हणजे १/८ इंच. आपल्याकडं हायड्रॉलिकच्या दुकानात एक सूतचं निपल मागितलं की बहुतेक वेळा बीएसपी (ब्रिटिश पाईप आटा) मिळतं. आणि बाहेरनं येणाऱ्या बऱ्याच आफ्टरमार्केट टर्बोचं ऑईल इनलेट असतं १/८ एनपीटी (अमेरिकन पाईप आटा). मापाचं नाव तेच, डोळ्याला दिसायला पण तेच. पण बीएसपीला इंचात २८ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीला इंचात २७ आणि कोन ६० अंश. इंचामागं फक्त एका आट्याचा फरक, म्हणून पहिले दोन-तीन आटे गुमान जातात आणि मग घट्ट होतं, आणि घट्ट झालं की नवख्याला वाटतं बसलं. त्यात तिसरं एम१० बाय १, बऱ्याच युरोपियन गाड्यांच्या मूळ लाईनला असलं मेट्रिक फिटिंग असतं, ते व्हर्नियरवर धरलं तरी जवळपास तेवढंच दिसतं.

कागलकडच्या एका पोरानं असंच रात्री घरी बसून फीड लाईन जोडली. दोन-अडीच आट्यांवर अडकलं म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पाईपपाना लावून ओढलं. गाडी चालू केली, थेंब नाही. सकाळी मित्राला घेऊन पन्हाळ्याला निघाला. वाघबीळचा चढ लागला, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) भरला, ऑईल गरम होऊन पातळ झालं आणि बॉनेटमधनं धूर यायला लागला. मित्र शेजारी बसून म्हणतोय, "काय नाय भावा, नवीन डाऊनपाईपचा कलर जळतोय." आता डाऊनपाईप म्हणजे टर्बोतनं धूर खाली नेणारा पाईप, नवीन असला की त्याचा कलर जळतो हे खरंय, म्हणून तो तसाच अजून दोन किलोमीटर गेला. नशीब की वास बदललेला त्याला कळला आणि गाडी बाजूला घेतली. उघडून बघितलं तर ऑईल थेट टर्बाइन हाउसिंगवर, म्हणजे टर्बोच्या धुराकडच्या गरम कवचावर ठिबकत होतं. चढावर ते हाउसिंग लाल होण्याइतकं तापतं, त्यावर ऑईल म्हणजे गाडी पेटायचीच तयारी. टोचन लावून माझ्याकडं आणली. मी फिटिंग काढलं तेव्हा इनलेटमध्ये पांढऱ्या टेपच्या चिंध्या अडकलेल्या, खालचं बेअरिंग ऑईल न मिळून निळं पडलेलं, आणि सेंटर हाउसिंगचे आटे भुगा. अख्खी कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगसकट टर्बोचा मधला भाग, बदलली. "दादा, एवढ्याशा निपलनं?" असं तो विचारत होता आणि माझ्याकडं सांगायला दुसरं काही नव्हतं.

तर माझी सवय सांगतो. पिच गेज घ्यायचा, स्वस्त असतो, आट्यांवर धरून ट्यूबलाईटसमोर बघायचं, दातांमधनं उजेड दिसला की ते फिटिंग बाजूला. मग हातानं फिरवायचं, हातानं चार आटे गेल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. टेफ्लॉन टेप टर्बोच्या ऑईल लाईनवर लावायचीच नाही, कुणी कितीही सांगू दे. एएन फिटिंग (रेसिंग होजला असतं ते) ३७ अंशाच्या कोनावर सील होतं, आट्यांवर नाही, तिथं टेपचा उपयोगच नाही. एनपीटीला ऑईल चालणारं लिक्विड सीलंट, ते पण पुढचे दोन आटे कोरडे ठेवून. आणि बॉल बेअरिंग टर्बो असेल तर फीडमध्ये साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (ऑईल कमी सोडणारं बारीक भोक) लागतो का ते टर्बोच्या कागदावर बघा, तो कागद बॉक्सबरोबर टाकून देऊ नका.

दुसरी गोष्ट ऑईल ड्रेन. फीडमध्ये ऑईल प्रेशरनं येतं, पण बेअरिंगमधनं बाहेर पडतं ते फेसाळलेलं आणि फक्त स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. म्हणून ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त तिरकं नको, पाईप पोटात वाकायला नको आणि संपमधल्या (इंजिनच्या खालच्या ऑईल टाकीतल्या) ऑईलच्या पातळीच्या वरच जोडायला पाहिजे. माझ्याकडं एक डिझेल स्विफ्ट आलेली, सिग्नलला उभी राहिली की निळा धूर. आधीच्या गॅरेजमध्ये तीन वेळा सील किट बदललेलं, तीन वेळा पैसे. टर्बोचं सील म्हणजे काय रबराचं ऑईल सील नव्हे, ती पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, ती मुख्यतः गॅस आत येऊ नये म्हणून, ऑईल साठून वर आलं तर ते तिच्याशेजारनं जाणारच. मी फक्त खाली झोपून ड्रेनचा पाईप बघितला. कॉम्प्रेसरचं (हवेकडच्या बाजूचं) तोंड इंटरकूलरकडं (हवा गार करणाऱ्या जाळीकडं) यावं म्हणून अख्खा टर्बोच फिरवून बसवलेला, ड्रेन एका बाजूला झालेला आणि पाईप सबफ्रेमवरनं चढवून परत खाली आणलेला, गरम झाला की मधेच चिमटा. हाउसिंगचे बोल्ट ढिले केले, सेंटर सरळ केलं, फीड वर ड्रेन खाली, मग कॉम्प्रेसर हाउसिंग पाहिजे तिकडं फिरवलं, पाईप सरळ टाकला. धूर बंद, सील तेच. हाउसिंग फिरवताना ते तिरकं ओढू नका, व्हीलच्या पात्यांची टोकं वाकतात, आणि नंतर व्हील बोटानं फिरवून कुठं घासत नाही ना ते बघा. ड्रेनच्या पॅकिंगला सिलिकॉन लावायचं नाही, आत फुगून आलेला सिलिकॉनचा तुकडा भोक बुजवतो.

फ्लँजचं थोडक्यात. टी२५, टी२८ ही टर्बोच्या मापांची नावं. टी२५ आणि टी२८ चा टर्बाइन पॅटर्न एक, टी३ मोठा, टी४ त्याहून मोठा, आणि सगळ्यांना बोल्ट चारच, म्हणून फोटो बघून ऑर्डर देऊ नका. टी३/टी४ हायब्रिड लिहिलेलं असलं तर टर्बाइन बाजू टी३ असते, त्याला टी४ चं पॅकिंग मागवून बसलेले दोघं-तिघं मी बघितलेत. मी जुनी लग्नपत्रिका मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर गोळा करून टर्बोला देणाऱ्या नळीच्या) फ्लँजवर धरतो, हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकतो, भोकं आपोआप कापली जातात, तीच टर्बोवर धरायची. बोल्टची भोकं जुळली आणि मधला पोर्ट पायरी सोडून बसला तर मॅनिफोल्ड घासून घ्यायचा, भोकं ओढूनताणून मोठी करायची नाहीत.

वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) टर्बोच्या आतच असेल तर डाऊनपाईप टेबलावरच टर्बोला जोडा, ॲक्चुएटरला (ती झडप ढकलणाऱ्या डबीला) सायकलचा पंप लावा आणि दुसऱ्या टोकातनं बॅटरी मारून बघा की फ्लॅप पूर्ण उघडतोय का. फ्लँजला आदळत असेल तर आरपीएमबरोबर बूस्ट चढतच जाणार आणि तुम्ही इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करणाऱ्या मॅपवाल्याला शिव्या घालणार.

सिलिकॉन होज आतल्या मापानं घ्या, पाईप बाहेरच्या मापानं मोजा. ६३ मिमीच्या होजमध्ये ५७ मिमीचा पाईप क्लॅम्प आवळून बसत नाही.

जागा बघायला माझ्याकडं शाडूची माती असते. डाऊनपाईप आणि स्टिअरिंगच्या रॉडमध्ये, टर्बो आणि बॉनेटमध्ये गोळे लावायचे, सगळं जोडून बॉनेट लावायचं, परत उघडून मातीची जाडी मोजायची. बोटभर जाडी पाहिजेच, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, ॲक्सिलरेटर दिला की डुलतं. एकदा जोडून, सगळं बघून, परत खोलायचं याचा पोरांना कंटाळा येतो. मला ही घाई बिलकुल आवडत नाही. ज्याला एक रविवार नुसत्या ट्रायल फिटिंगला द्यायचा नाही त्याचं काम मी घेत नाही.

पहिल्यांदा चालू करताना फ्युएल पंपचा फ्यूज काढून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा, मगच फ्यूज लावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पूर्ण गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट परत टॉर्कवर आवळायचे आणि खाली जाऊन फीड-ड्रेनच्या जोडावर बोट फिरवायचं. बोट कोरडं आलं की मग जा पन्हाळ्याला.