न्यूट्रॉन तारे आणि गॅमा किरण स्फोट : या चुका टाळा

महाकाय तारा मेल्यावर उरलेला अतिघट्ट गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा. ‘हा नुसत्या न्यूट्रॉनांचा गोळा’ असं मीही भाषणांत बेधडक सांगत असे. नावच तसं, त्याला काय करणार! पण वरचं किलोमीटरभर जाडीचं कवच अणुकेंद्रांचं आणि इलेक्ट्रॉनांचं असतं. खाली न्यूट्रॉनांच्या गर्दीतही थोडे प्रोटॉन तग धरून असतात. अगदी मध्यभागी हायपेरॉन (न्यूट्रॉनचे जड भाऊबंद) आहेत की सुटे क्वार्क (न्यूट्रॉन-प्रोटॉन ज्यांचे बनतात ते कण), याचा निकाल लागलेला नाही. म्हणून ‘क्वार्क तारा सापडला’ असा मथळा दिसला की लगेच पुढे पाठवू नका.

मोठी गफलत पुढेच आहे. गॅमा किरण स्फोट म्हणजे अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लखलखाट. त्यात ताऱ्याचं पोट फुटून आतला माल दिसला, असं अनेकांना वाटतं. ते किरण येतात जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटलेल्या झोतातून, गाभ्यापासून फार दूर. पोटातली खबर मिळते ती स्फोटाच्या आधी. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. आधी गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच पोतात उठणारे तरंग) पोचल्या आणि सुमारे 1.7 सेकंदांनी गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. आदळण्यापूर्वीच्या शेवटच्या फेऱ्यांत, चंद्र समुद्राला ओढतो तसे ते एकमेकांना ताणत होते. किती ताणले गेले, याचा ठसा लहरींत उमटतो. त्यावरून न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या साधारण 12 किलोमीटर निघते.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. ‘मऊ’ पदार्थाचा तारा जास्त ताणला जाईल, असं लिहून मोकळे होतात. उलट आहे! मऊ पदार्थ दबतो, तारा लहान आणि घट्ट होतो, म्हणून कमी ताणला जातो. फार मऊही चालत नाही; जे0740+6620 हा सूर्याच्या दुपटीहून किंचित जड पल्सार (गरगर फिरत ठरावीक ठेक्यात स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) मग कोसळून कृष्णविवर झाला असता.

2 सेकंदांच्या आतला स्फोट टकरीचा, लांबलेला महाकाय ताऱ्याच्या मरणाचा, ही वाटणीही डोळे झाकून वापरू नका. 11 डिसेंबर 2021 चा स्फोट मिनिटभर रेंगाळला, तरी मागे किलोनोव्हाची, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतर उरणाऱ्या चमकेची, खूण सापडली.

आणि ‘दिसलं नाही’ म्हणजे निरीक्षण वाया, असंही नाही. 2017 च्या त्या क्षणी आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाला काहीच दिसलं नाही, कारण स्फोटाची जागा पृथ्वीआड होती. तेवढ्यावरूनही शोधायचं आकाश कमी झालं.