जळगावला शिकायला येताय? आधी तुमचं आधार कुठल्या खात्याला आहे ते बघा

दोंडाईचाजवळच्या गावातून सुरत-भुसावळ गाडीने मी जळगावला उतरलो, तेव्हा खांद्यावर गादी होती आणि पिशवीत आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. बांभोरीजवळ गिरणेचा पूल आला आणि पुढे विद्यापीठाची कमान दिसली, तेव्हा पोटात गोळा आला होता. तुमच्याही येईल. आठवडाभरात जातो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबद्दल बरेच जण घाबरवतात. एम.एस्सी.ची दोन वर्षं म्हणजे 88 क्रेडिट, त्यातले 4 प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे, म्हणजे ओजेटीचे. ओजेटीची जागा पहिल्या सत्रातच शोधायला लागा, एवढं पुरे. एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर, काढताना आधारवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळवा.

मी अडकलो ते शिष्यवृत्तीत.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज मंजूर झाला, मित्रांचे हप्ते आले, माझा काही येईना. बँकेत तीनदा गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, 'आधार लिंक आहे.' ते खोटं नव्हतं, म्हणूनच मी फसलो. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. लिंक म्हणजे बँकेने केवायसीसाठी तुमचा नंबर नोंदवला. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या, म्हणजे देशातले बँकांचे ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या, यादीत तुमच्या आधारसमोर कुठल्या बँकेचं नाव आहे ते. खाती तुमची चार असोत, त्या यादीत एका वेळी एकच बँक असते, शेवटी सीडिंग केलेली. सरकारी पैसा तिथेच जातो. कॉलेजात पासबुकाची झेरॉक्स कुठलीही द्या, त्याने फरक पडत नाही.

लॉकडाऊननंतर गावात एक शिबिर लागलं होतं. अंगठा लावला, खातं उघडलं, मी विसरूनही गेलो. माझा हप्ता त्या खात्यात पडून होता, आणि इकडे मी आठ महिने मेसवाल्या मावशींची नजर चुकवत होतो. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "पैसा उनात का रे?" त्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना काय होतं, ते मी लिहू शकत नाही.

आज रात्रीच आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव दिसेल, समोर 'ॲक्टिव्ह' असायला हवं. बँक दुसरी निघाली तर हव्या त्या शाखेत जा आणि 'लिंक करा' म्हणू नका. 'डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग करा' म्हणा, संमतीचा फॉर्म भरा, पोच घ्या. काही दिवसांनी पुन्हा स्वतः तपासा. काउंटरवरचं 'झालं' हे झालेलं नसतं.

आणि अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर कधीच भरू नका. पन्नास रुपये वाचतात की जातात हा प्रश्नच नाही. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, ओटीपी त्याला जातो, आणि हप्ता रिडीम करायच्या, म्हणजे पोर्टलवर मंजूर रक्कम मागून घ्यायच्या, वेळी तो लग्नाला गेलेला असतो. माझ्या मते यूट्यूबवरच्या दहा दादांपेक्षा कॉलेजातला शिष्यवृत्तीचा क्लार्क बरा. सकाळी गर्दी नसताना जा, नीट विचारा. मला वाट दाखवली ती अशाच एका साहेबांनी.

मुलींसाठी एक. जुलै 2024 चा शंभर टक्के फीमाफीचा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून हवा, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी प्रवर्ग हवा, उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. साध्या बी.एस्सी.ला तो गृहीत धरून घरी सांगू नका. माझ्या वर्गातल्या एकीच्या बहिणीने सांगितलं, आणि मग ऐन प्रवेशाच्या आठवड्यात वडिलांना कापूस घाईने विकावा लागला.

पैसे अडकले असतील तर ते बुडालेले नाहीत. माझं जुनं खातं आधार कार्ड दाखवून पुन्हा सुरू झालं, सगळी रक्कम त्यात होती. आधी मेस चुकती केली. मग स्टेशनवरून आईला फोन लावला.